मायक्रो, मिनी, मेनफ्रेम, सुपर

बाबांनी ऑफिसातून आणलेला तो कागद सायक्लोस्टाइल केलेला होता आणि हात लावला की बोटांना शाई लागत होती. दोन्ही बाजूंनी दाट इंग्रजी. वर चार संगणकांची चित्रं, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं काढलेली, आणि खाली वाक्यं. मायक्रो कॉम्प्युटर इज स्मॉल. मिनी कॉम्प्युटर इज बिगर दॅन मायक्रो कॉम्प्युटर. मेनफ्रेम त्याहून मोठा, आणि सुपर कॉम्प्युटर इज द बिगेस्ट. मग तीच वरात वेगासाठी, तीच किमतीसाठी, तीच वजनासाठी. मागच्या बाजूला तेच सगळं उलट, मोठ्यापासून लहानापर्यंत. सगळी मिळून बत्तीस वाक्यं. ज्यानं कोणी ती लिहिली त्याला एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. इंग्रजीही येईल आणि संगणक म्हणजे काय तेही कळेल.

बाबांनी संगणक कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

मी तेव्हा बारावीत होते. बाबा झाशी स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत कारकून होते. जाडजूड रजिस्टरात हातानं नावं लिहायची, बर्थ द्यायची, चार्ट तयार करायचे, हे काम ते वीस वर्षं करत आले होते आणि त्यांचं अक्षर सबंध ऑफिसात नावाजलेलं होतं. आता त्या खिडक्यांवर संगणक बसणार होते. तिथे कोणाला ठेवायचं हे एका तोंडी परीक्षेवर ठरणार होतं आणि ती परीक्षा इंग्रजीत होती. पास होतील ते झाशीतच राहतील, नापास होतील ते पार्सलच्या कामावर, लाइनीवरच्या ज्या लहान स्टेशनात जागा रिकामी असेल तिथे जातील.

आमच्या घरात ह्याचा अर्थ एकच होता. आईला तरुणपणी क्षय झाला होता. तो बरा झाला, पण जाताना फुफ्फुसं खाऊन गेला. वर्षातून चार-पाचदा तिचा श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे, आणि मग बाबा तिला उचलून रस्त्यावर आणायचे, ऑटो थांबवायचे आणि रेल्वेच्या इस्पितळात न्यायचे. आम्ही सदर बाज़ारच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. तिथून इस्पितळ जवळ होतं, म्हणूनच बाबांनी त्या खोल्या घेतल्या होत्या. आईला उचलायचं म्हणजे कसं, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली आणि मान खांद्यावर, हे त्यांनाच जमत होतं. मी एकदा प्रयत्न केला तेव्हा ती आणखीच घुसमटली.

म्हणून बाबांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तू शिकव मला. तुझी इंग्लिश चांगली आहे. माझं आता दिमाग चालत नाही ग, पण ह्या वेळेला चालवावंच लागेल."

सुरुवातीला मी नीट शिकवलं, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं काही माझ्या बाजूचं नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि त्यांना त्यांच्या ओळखीच्या गोष्टी दिल्या. पॅसेंजर इज स्लो. एक्सप्रेस इज फास्टर दॅन पॅसेंजर. हे त्यांना लगेच पटलं, फक्त त्यावर त्यांचं म्हणणं असं की आपल्या लाइनीवर नेहमी तसं होतंच असं नाही. मग इलाइट चौराह्यावरची गर्दी सदर बाज़ारपेक्षा जास्त, चिरगाँवची बस आमच्या ऑटोपेक्षा मोठी, असं आम्ही करत गेलो. दहा मिनिटांत एक वाक्य व्हायचं. बाबा डोळे मिटून शब्द शोधायचे, सापडला की बोटानं हवेत टिंब द्यायचे आणि पुढच्या शब्दाकडे निघायचे. मधेच 'मोर बिगर' म्हणायचे. मी ओरडायचे. ते पुन्हा मागे जाऊन दुरुस्त करायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता तुम्ही तुमच्या मनानं एक वाक्य करा. आई खाटेवर बसून डाळ निवडत होती. बाबांनी बराच वेळ घेतला. मग एकेक शब्द जपून ठेवत ते म्हणाले, "युवर मदर इज वीकर दॅन लास्ट इयर."

वाक्य बिनचूक होतं. आईनं मान वर केली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मदर कळलं.

"माझ्याबद्दल काय चाललंय?" ती म्हणाली.

"तू गोरी आहेस म्हणतोय," बाबा म्हणाले.

"वीस वर्षांनी दिसलं वाटतं," आई म्हणाली आणि पुन्हा डाळीत डोकं घातलं.

मला राग आला. कशाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. ते खरं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. मी आईच्या शेजारी झोपत होते, तिची वेणी घालत होते, आणि ती गेल्या वर्षापेक्षा खंगली आहे हे मला बाबांच्या मोडक्या इंग्रजीतून कळलं. मी फटकन म्हणाले, "असलं घरचं तिथे बोलायचं नाही. कागदावर आहे तेवढंच बोलायचं." बाबा मुकाट्यानं हो म्हणाले. ते माझं सगळं ऐकत. शिकवणारा लहान असला तरी गुरूच, असं त्यांना त्यांच्या वडलांनी शिकवलं होतं.

त्यानंतर माझा धीर सुटत गेला. माझा स्वभाव पी हळद आणि हो गोरी असा, तो तेव्हाही तसाच होता. माझी स्वतःची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. बाबांचे वीस दिवस उरले होते आणि दिवसाला सहा-सात वाक्यांच्या पुढे गाडी सरकत नव्हती, त्यांतलीही बहुतेक दुसऱ्या दिवशी पुसलेली असायची. एका संध्याकाळी ते एकाच वाक्यात चार वेळा अडखळले आणि मी कागद जमिनीवर आपटला. मी म्हणाले, "समजून घेऊच नका. पाठ करा. आजोबांनी रुद्र पाठ करून घेतला होता ना तुमच्याकडून? तसंच करा."

बाबांचा चेहरा एकदम सैल झाला. इतके दिवस परक्याच्या घरात अवघडून बसलेल्या माणसाला कोणी आपल्या घरी चल म्हणावं, तसं काहीसं त्यांना झालं असावं.

आमचं घराणं दोनशे वर्षांपूर्वी भिक्षुकीसाठी झाशीत आलेलं. आजोबा त्यातले शेवटचे. शहरातल्या मराठी घरांची पूजा, श्राद्धं, मुंजी तेच करत. घरं कमी होत गेली, बाबा रेल्वेत लागले. पण सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत आजोबांनी बाबांना समोर बसवून संथा दिली होती. त्या संथेचा नियम कडक. डोळे मिटायचे, हाताच्या चढउतारासह म्हणायचं, आणि मधे चूक झाली, कोणी बोललं, कोणी हाक मारली, तर जिथे तुटलं तिथून धरायचं नाही. पुन्हा आरंभापासून. तुटलेला पाठ मधूनच जोडणं म्हणजे आजोबांच्या लेखी पाप होतं, आणि त्या पापाला छडी होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे आंघोळ करून मांडी घालून बसू लागले. मायक्रो कॉम्प्युटर इज स्मॉल, म्हणताना त्यांचा हात खाली जायचा आणि बिगर दॅनला वर यायचा. आवाजात तीच गंभीर लय. आठव्या दिवशी बत्तीस वाक्यं न अडखळता झाली. शेजारच्या काकी दारात येऊन हात जोडून उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "भैया आजकल कौन सा पाठ कर रहे हैं?" आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि बाबा थांबले. तिचा खोकला ओसरेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुन्हा मायक्रो कॉम्प्युटर इज स्मॉल. दूधवाल्यानं हाक मारली, मायक्रो कॉम्प्युटर इज स्मॉल. मलाही गंमत वाटायची. घरात इतकी हसरी सकाळ कित्येक वर्षांत झाली नव्हती आणि ती मी आणली ह्याचा मला गर्व होता.

मी रोज कागद हातात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे आणि शाबास म्हणायचे. एकदाही, एकदासुद्धा, मी त्यांना मधलंच काही विचारून पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आईनं त्यांच्या हातावर दही ठेवलं. मी शर्टाला इस्त्री केली होती. बाबा जाताना दारातून वळून म्हणाले, "एकही विसरलो नाहीये." दुपारी ते परत आले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, "पेपर कठीण होता." तोंडी परीक्षेला पेपर कसला. आईनं काही विचारलं नाही. मीही नाही. मला वाटलं, ते उगीच घाबरलेत.

काय झालं ते मला चार दिवसांनी त्यांच्या शेजारच्या खिडकीवरच्या चाचाजींकडून कळलं. त्यांचा नंबर बाबांच्या मागोमाग असल्यानं ते दारातच उभे होते. सदर बाज़ारात भाजी घेताना भेटले, आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "बिटिया, साहब तो भले आदमी हते. उनने तो बहुत मौका दओ."

साहेबांनी विचारलं होतं, मिनी आणि मेनफ्रेम ह्यांतला फरक सांगा. बाबांनी डोळे मिटले, हात उचलला आणि मायक्रोपासून सुरुवात केली. साहेब म्हणाले, नाही नाही, फक्त मेनफ्रेमचं सांगा. पाठ तुटला. बाबांनी पुन्हा मायक्रोपासून सुरुवात केली. साहेबांनी थांबवलं, पाणी मागवलं, म्हणाले, आप घबराइए मत, आराम से. बाबा पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं, डोळे मिटले आणि मायक्रोपासून सुरुवात केली. शेजारी बसलेले दुसरे साहेब हसू दाबत होते. पहिले साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद मिटून ठेवला आणि म्हणाले, "छोड़िए कम्प्यूटर को. आप कोई भी दो चीज़ें ले लीजिए और एक सेंटेंस बोल दीजिए. कोई भी."

"फिर?" मी विचारलं.

"फिर का. चुप बैठे रहे. हमने सोची अब बोलेंगे, अब बोलेंगे. उनने मुँह खोलो भी, पर कछू नईं बोले."

मी भाजी न घेताच घरी आले. बाबा अंगणात आईच्या औषधाच्या बाटल्या धूत होते. मला पाहून त्यांना कळलं की मला कळलं. ते एवढंच म्हणाले, "तू चांगलं शिकवलंस. मीच मंद." त्यानंतर जो कोणी परीक्षेबद्दल विचारी त्याला ते हेच सांगत. माझ्यासमोर सांगत. पोरीनं जीव तोडून शिकवलं हो, पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक वेळी मी तिथून उठून जायचे.

बदलीचं पत्र महिन्याभरात आलं. चार तासांवरचं एक स्टेशन. तिथे डॉक्टर नव्हता, धड रस्ता नव्हता, धूळ मात्र भरपूर. आईला तिथे नेणं शक्य नव्हतं. बाबांनी पत्नीच्या आजाराचं कारण देऊन झाशीला परत घेण्याचा अर्ज लिहिला, म्हणजे मी लिहिला आणि त्यांनी सही केली, आणि सोमवारी पहाटेच्या पॅसेंजरनं ते गेले. शनिवारी संध्याकाळी यायचे. जाण्याआधी त्यांनी मला आईला उचलायचं कसं ते शिकवलं. खाटेवर उशी ठेवून दाखवलं, मग आईला उचलून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं. तीन वेळा, चार वेळा. चिडले नाहीत. "घाई नको करूस," म्हणाले. "आधी तिची मान कुठे आहे ते बघ."

आई पावसाळा संपता संपता गेली. गुरुवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी तिला उचललं, बरोबर उचललं, काकींनी ऑटो थांबवली, आम्ही वेळेत पोहोचलो. बाबा असते तर ती वाचली असती, असं कोणी म्हणालं नाही आणि मीही म्हणत नाही. डॉक्टरांनी हात टेकले ते तीन वाजता. त्या पाच तासांत ती शुद्धीवर होती. वॉर्डात कोणाचीही पावलं वाजली की ती दाराकडे बघायची आणि विचारायची, "हे आले का?" मी म्हणायचे, निघालेत. स्टेशनच्या फोनवरून निरोप गेला होता, पण दुपारी तिकडून गाडीच नव्हती. आई गेली तेव्हा बाबा मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून येत होते. दिवस मावळताना पोहोचले. त्यांनी मला विचारलं, "माझी आठवण काढली का?" मी म्हणाले, ती झोपेतच होती. हे खोटं मी त्यांच्या शेवटापर्यंत निभावलं.

झाशीच्या खोल्या सोडून मी बाबांबरोबर त्या स्टेशनावर राहायला गेले. बारावीत इंग्रजीत मला शाळेत सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते. ते सांगायचीही लाज वाटते. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. बाबा गोण्यांवर खुणा करायचे, मी दोन वेळा स्वयंपाक करायचे. एक दिवस जेवताना, का कोण जाणे, मी इतके महिने गिळलेला प्रश्न विचारला. शेवटी साहेबांनी कोणतंही वाक्य बोला म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?

बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "तोंडात आलं होतं ना एक. आईचं. तेवढं एकच मला माझं असं येत होतं." मग म्हणाले, "पण तू म्हणाली होतीस, घरचं तिथे बोलायचं नाही."

ते तक्रार म्हणून म्हणाले नाहीत. गुरूनं सांगितलेला नियम शिष्य सांगतो तसं सांगितलं आणि जेवू लागले. मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले, जी आधीच घासलेली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक सरकारी लिफाफा आला. नेहमीप्रमाणे बाबांनी तो माझ्याकडे दिला. आईच्या आजाराचं कारण मानवतेच्या दृष्टीनं मान्य करून बाबांना झाशीला परत घेतलं होतं. रुजू होताना पत्नीच्या तब्येतीचं ताजं प्रमाणपत्र जोडावं, असं खाली लिहिलं होतं. मी ते मराठीत सांगितलं.

मी म्हणाले, "काही कळवायचं नाही. आपण सरळ जाऊ. एकदा रुजू झालात की कोण विचारतंय."

"विचारतील," बाबा म्हणाले. "आणि नाही विचारलं तरी."

"मग मी लिहिते उत्तर."

"नको. मी लिहितो."

त्यांनी फळीवरचा कोरा कागद घेतला आणि खोक्यावर ठेवला. हे पाठवलं की परतीची बदली रद्द होणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. झाशी, माझं कॉलेज, सगळं त्या एका कागदावर होतं. बाबांनी डोळे मिटले नाहीत. एकेक शब्द शोधत, त्या नावाजलेल्या अक्षरात, त्यांनी एक ओळ लिहिली. सर, माय वाइफ इज नो मोर, सो आय डू नॉट नीड झाशी. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तपास."

मी वाचलं. एकही चूक नव्हती. मी तसं त्यांना सांगितलं आणि त्यांनी खाली सही केली.